सहाशे साचे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि आमच्या धंद्यातला एक जुना वाद पुन्हा पेटला. फोंड्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत. त्यांतले दोन विंडोज ११ घेत नाहीत. प्रोसेसर जुना आणि बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. यंत्रं म्हणाल तर ठणठणीत आहेत. त्यांच्यावर आजवर किती लग्नपत्रिका, जत्रेची किती पत्रकं आणि चवथीची किती पावतीपुस्तकं निघाली याची गणतीच नाही. एका संध्याकाळी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने त्यांतल्या एकावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, प्रणाली घालून दिली. अर्ध्या तासात यंत्र सुरू झालं, प्रिंटर ओळखला गेला, मराठी टायपिंगही चाललं. मग या धंद्यातला प्रत्येक माणूस जो प्रश्न विचारतो तो मीही विचारला, "कोरल चालेल?" कोरल म्हणजे कोरलड्रॉ, आमच्या धंद्याचं रोजचं डिझाइन सॉफ्टवेअर. भाचा गप्प बसला.

या एका प्रश्नावर आमच्या मंडळींत जी चर्चा चालते ती ऐकून जीव तुटतो. एक गट म्हणतो, फोटोशॉपवाली ॲडोबी आणि कोरल या कंपन्यांनी लिनक्सवर यायलाच हवं. निवेदन निघालं की सह्या करायच्या आणि वाट बघायची. दुसरा गट म्हणतो, मुक्त साधनं फुकट मिळत असताना कंपन्यांच्या दारात जायचंच कशाला; जमत नसेल तर शिका. तिसरा गट बहुधा सगळ्यात मोठा. तो म्हणतो, लिनक्सवाले पैसे देत नाहीत म्हणून कंपन्या येत नाहीत, विषय संपला. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे आणि तिघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. माझं मत स्पष्ट आहे. लिनक्सवर चालणारं, पैसे मोजून घ्यायचं डिझाइन सॉफ्टवेअर मागणं पूर्णपणे रास्त आहे आणि मी ते मागतो. पण नुसत्या इच्छेला बाजारात कोणी मागणी म्हणत नाही. मागणीमागे एकत्र झालेला पैसा लागतो, आणि आपल्या फायली आपल्याच ताब्यात राहतील ही अट लागते. हे दोन्ही नसेल तर लाखभर सह्या करूनही हाती काही लागणार नाही.

गोव्यात बसून हे लिहिताना मला एक पत्र आठवतं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात आला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या काळात इथे मराठी देवनागरीत छापली गेली नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे मराठीतली ओवीबद्ध रचना. १६१६ साली ती रायतूरला छापली गेली ती रोमन लिपीत. स्टीफन्सना ते खुपत होतं. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलं, की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तकं छापलेली पाहावीत अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. अडचणही त्यांनीच मांडली. युरोपात छपाईची अक्षरं ओतायला चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे लागतील. आणि उपायही सुचवला, की सहाशेंचे दोनशेंवर आणता येतील. आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातल्या छपाईचा हा सारा इतिहास कष्टाने खणून काढला, म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. याहून मुद्देसूद मागणी कोणी करू शकेल का? भाषेवर प्रेम, तांत्रिक अडचणीची जाण, खर्च कमी करायची तोड, सगळं त्या पत्रात आहे. तरीही साचे पडले नाहीत.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. स्टीफन्सनी पत्रात मलबारचा दाखला दिला होता, कारण तिकडे हे काम आधीच झालं होतं. तमिळ लिपीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडून १५७८ साली कोल्लमला ‘तंबिरान वणक्कम’ हे ख्रिस्ती पुस्तक छापलं गेलं होतं. तमिळला अक्षरं कमी, म्हणून काम सोपं, हे खरं. पण त्या छपाईसाठी मोत्यांच्या किनाऱ्यावरच्या परवर समाजाने स्वतः पैसे उभे केले होते. ज्यांना पुस्तकं हवी होती त्यांनी वर्गणी काढली. इतिहासात कुठल्याच गोष्टीला एकच कारण नसतं. पोर्तुगीज सत्तेला इथल्या भाषांबद्दल प्रेम कमी आणि संशय जास्त होता, आणि इथली भाषा सोडायला सांगणाऱ्या १६८४ च्या फर्मानाने तो उघड झाला. तरी एक विनंतीपत्र आणि एक वर्गणी यांच्या परिणामांतला फरक नजरेआड करता येत नाही. आजची आपली सह्यांची निवेदनं स्टीफन्सच्या पत्रापेक्षा अधिक मुद्देसूद आहेत का?

रोमन लिपीतल्या त्या मराठीची आठवण मला एका वेगळ्याच दिवशी प्रकर्षाने झाली. फोंडा तालुक्यातल्या एका भजनी मंडळाची अभंग-आरत्यांची चौसष्ट पानी पुस्तिका मी २००६ साली पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. अलीकडेच मंडळातले एक वयस्कर बुवा ती घेऊन आले. समासात निळ्या पेनने दुरुस्त्या केलेल्या, दोन अभंग कागदावर लिहून आत चिकटवलेले. "मास्तर, एवढं घालून परत छापून द्या, सप्ताह जवळ आलाय." मी जुनी सीडी काढली, फाईल उघडली, आणि पडद्यावर आलं ते मराठी नव्हतं. रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय चिन्हं यांचा नुसता गाळ. कारण त्या काळातल्या आपल्या मराठी फॉन्टांत देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेली असत. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे ‘विठ्ठल’ हा शब्द कधीच नव्हता. होती ती काही परकी अक्षरं, आणि त्यांना विठ्ठलाचं रूप देणारा एक फॉन्ट. तो फॉन्ट ज्या पॅकेजबरोबर यायचा ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे लावायचं एक लॉक होतं. ते बिघडलेलं. मी पैसे देऊन घेतलेल्या त्या मालाबद्दल विक्रेत्याने सांगितलं, जुन्याला आता लॉक मिळत नाही, नवीन घ्या. म्हणजे १६१६ मध्ये मराठीला रोमन वेष घालावा लागला तो खिळ्यांअभावी, आणि २००६ मध्ये मी तोच वेष, दाम मोजून, अभंगांना घातला होता.

ती पुस्तिका मी पुन्हा टाइप केली. दुकान सांभाळून पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत या वादातले सगळे मुद्दे माझ्या डोक्यात नीट लागले, म्हणून एकेक घेतो.

पहिल्यांदा शुद्धतावाद्यांचा मुद्दा, कारण मला त्यांच्याबद्दल सर्वाधिक आदर आहे. ते म्हणतात, मुक्त प्रणालीवर बंदिस्त सॉफ्टवेअर आणणं म्हणजे घराला नवं दार बसवून किल्ली पुन्हा सावकाराकडे देणं. यात तथ्य आहे, आणि ते मी दाखल्यांनिशी मान्य करतो. ॲडोबीने १९९९ मध्ये आपल्या फ्रेममेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रामची लिनक्स चाचणी-आवृत्ती काढली आणि नंतर गुंडाळली. पीडीएफ वाचायचा त्यांचा रीडरही लिनक्सवर होता. २०१३ नंतर तो पुढे आला नाही. त्याच २०१३ साली त्यांनी एकदाच पैसे भरून कायमचं सॉफ्टवेअर घेण्याची सोय पुढच्या आवृत्त्यांसाठी बंद केली आणि भाड्याचीच वाट तेवढी ठेवली. २०१९ साली अमेरिकेच्या आदेशामुळे व्हेनेझुएलातल्या सगळ्या ग्राहकांची खाती बंद करण्याची घोषणा झाली. परवानगी मिळाल्यावर ती मागे घेतली गेली, पण तिथल्या एखाद्या छापखानेवाल्याचे ते दिवस कसे गेले असतील? २०२२ च्या नोव्हेंबरात तर पँटोन या छपाईचे ठरावीक रंग पुरवणाऱ्या कंपनीच्या वेगळ्या वर्गणीशिवाय जुन्या फोटोशॉप फायलींतले ते रंग काळे दिसायला लागले. स्वतःच्याच जुन्या फाईलमधला रंग. ज्याने कधी ठरावीक शेंदरी रंगासाठी गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली आहेत, त्याला यातली वेदना समजावून सांगावी लागणार नाही.

पण एवढं मान्य करूनही शुद्धतावाद्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. लिनक्सच्या स्वतःच्या परवान्यात सुरुवातीलाच टिपण आहे, की या प्रणालीवर तिच्या सेवा वापरून चालणाऱ्या प्रोग्रामांना हा परवाना लागू होत नाही. म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरला घरात जागा मूळ घरमालकानेच ठेवली आहे. आणि धोका कुठे असतो हे नीट बघितलं पाहिजे. माझी पुस्तिका अडली ती मी पैसे दिले म्हणून अडली नाही. ती अडली कारण माझा मजकूर अशा रूपात साठवला होता की तो एकाच विक्रेत्याच्या एकाच पॅकेजला वाचता येत होता. सुताराने विकत घेतलेला रंधा कंपनीने परत मागितला तरी त्याने केलेला देव्हारा देव्हाराच राहतो. आपल्या धंद्यात रंधा गेला की देव्हाराही जातो. भांडायचं ते या गोष्टीशी. पैशाशी भांडून काय मिळवणार?

दुसरा मुद्दा: मुक्त साधनं पुरेशी आहेत. काही ठिकाणी ती पुरेशीच्या पुढे आहेत, आणि देवनागरीच्या बाबतीत तर आपण मराठी माणसांनी त्यांचे आभार मानले पाहिजेत. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक, शेवटपर्यंत कळलं नाही. जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी या सगळ्याची मांडणी करणारं हार्फबझ हे मुक्त इंजिन आज क्रोममध्ये, अँड्रॉइडमध्ये, लिबरऑफिसमध्ये आहे, आणि ॲडोबीनेही ते आपल्या प्रोग्रामांत घेतलं आहे. पुस्तिका पुन्हा करताना मी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली, आणि फॉन्टमधला हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ जाऊन आपला मराठी ‘ल’ आणि ‘श’ समोर आला. चौसष्ट पानं एका क्षणात बदलली. वीस वर्षं मी हे काम करतोय; त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

तरीही ‘पुरेशी आहेत’ म्हणणाऱ्यांनी एकदा चवथीच्या आधीच्या आठवड्यात रात्री अकराला छापखान्यात येऊन उभं राहावं. ऑफसेटवर चार रंगांच्या चार प्लेटा निघतात. लहान अक्षरातला काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटेवर यायला हवा. फाईल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत, असेल तर रूपांतरात तोच काळा चारही रंगांत विभागला जातो, आणि कागद केसभर सरकला तरी प्रत्येक अनुस्वाराला निळी-तांबडी सावली पडते. दहा हजार प्रती अशा निघाल्या तर नुकसान कोणाचं? फोटोंवर काम करणाऱ्या गिंप या मुक्त साधनाची ३.० आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली, फार वर्षांनी आणि फार चांगली आली; पण गिंप मुळात आरजीबीतच काम करतं, आणि रेषाचित्रांचं इंकस्केपही. पानं जुळवणारं स्क्राइबस चार रंगांचं काम नीट करतं, छपाईच्या दर्जाची पीडीएफ देतं. मात्र त्याच्या स्थिर आवृत्तीत आपली जोडाक्षरं नीट बसायला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला. क्रिटाला सीएमवायके, म्हणजे छपाईचे ते चार रंग, कळतात, पण तो चित्रकाराचा सोबती आहे, पत्रिकावाल्याचा नाही. शिवाय गिऱ्हाईक जी फाईल पेनड्राइव्हवर आणतं ती सीडीआर, म्हणजे कोरलची फाईल, असते, फ्लेक्सवाला ‘कर्व्ह करून’ (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून) ‘पाठव’ म्हणतो तीही सीडीआरच, आणि विनायल कापायच्या बहुतेक यंत्रांबरोबर येणारा प्रोग्राम विंडोजचाच. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला ‘शिका’ म्हणून सांगणं सोपं आहे. त्याच्याकडे शिकायचे ते तीन महिने कुठून येणार, हे सांगणाऱ्याने कधी विचारलं आहे का? मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं, शाई स्वतः केली, पुढे मराठी खिळेही स्वतः पाडले. ते थोरच होते. पण मराठी छपाई गावोगाव पोचली ती खिळे विकत मिळायला लागल्यावर. प्रत्येक मुद्रकाने गणपत कृष्णाजी व्हावं अशी अट घातली असती, तर आज हा लेख वाचायला तुम्ही आणि लिहायला मी इथे नसतो.

उरला तिसरा, सगळ्यात कठीण मुद्दा: लिनक्सवर पैसे देणारं गिऱ्हाईक नाही. याचा सर्वांत जबर पुरावा कोरलच आहे. पुष्कळांना आज खरं वाटत नाही, पण कोरलने १९९९ साली स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्सवर विकायला आणलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये १३ कोटी ५० लाख डॉलर गुंतवले, आणि २००१ मध्ये कोरलने आपला लिनक्स विभाग विकून टाकला. म्हणजे आपण जे मागतोय ते एकदा दुकानात आलं होतं, आणि टिकलं नाही. हा धडा मी नाकारत नाही. पण त्यातून काय शिकायचं? ती आवृत्ती विंडोजच्या प्रोग्रामला वाइन नावाच्या थराची कुबडी देऊन उभी केलेली होती, आणि तो थर तेव्हा कच्चा होता. लिनक्स बसवणं हे तेव्हा घरगुती माणसाचं काम नव्हतं, आणि कंपनी स्वतःच आर्थिक ओढाताणीत होती. तोच वाइनचा थर आज इतका पक्का झाला आहे की गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये त्यावर प्रोटॉन उभारलं आणि २०२२ पासून विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालणारं यंत्र विकायला काढलं. गेम खेळणाऱ्या पोरांसाठी जे झालं ते पत्रिका छापणाऱ्यांसाठी का होत नाही? कारण गेमवाल्यांच्या बाजूने एक जण पैसे घालायला उभा राहिला.

आणि ‘लिनक्सवर कोणी पैसे देत नाही’ हे विधान मुळातच खरं नाही. हॉलिवूडचे ॲनिमेशन आणि व्हिज्युअल इफेक्टचे मोठे स्टुडिओ २००० च्या आसपास सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी यंत्रं सोडून लिनक्सवर आले. त्याआधी १९९७ च्या ‘टायटॅनिक’चं पाणीही लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांच्या रांगांनी रंगवलं होतं. आज माया, हुडिनी, न्यूक ही सगळी विकतची, महाग सॉफ्टवेअरं लिनक्सवर आहेत. व्हिडिओवाल्यांचं दाविंची रिझॉल्व्ह आहे, नकाशे-आराखडेवाल्यांसाठी ब्रिक्सकॅड आहे. या कंपन्यांना लिनक्सचा पुळका आला होता का? मोजके ग्राहक होते, पण ते एका आवाजात म्हणाले की आमची यंत्रं लिनक्सवर जाणार, तुम्ही येत असाल तर परवाने तुमच्याकडून घेऊ. लिनक्सचे शंभर प्रकार, आम्ही कुठल्यावर चालवायचं, ही तक्रार तेव्हाही होती. स्टुडिओंनी आणि कंपन्यांनी बसून कोणत्या पायावर काम करायचं ते ठरवून टाकलं. लिनक्सचा जगातला डेस्कटॉप वाटा स्टॅटकाउंटरच्या मोजणीत २०२४ साली पहिल्यांदा चार टक्क्यांच्या वर गेला. चार टक्के विखुरलेले असले तर कोणी विचारत नाही. त्या स्टुडिओंची संख्या तर टक्क्यात मोजण्याइतकीही नव्हती.

गोव्याच्या माणसाला हे परकं वाटायला नको. आपली खाजनं बघा. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस एकट्या शेतकऱ्याने कधी राखली नाही. गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने राखली, ज्यांची शेतं बांधाआड होती त्यांनी आपापला वाटा उचलला. बांध फुटल्यावर निवेदन दिलं आणि वाट बघत बसले, असं झालं असतं तर मांडवी-जुवारीच्या काठांवर भाताचं एक कणीस राहिलं नसतं. ब्लेंडरची गोष्ट मला याच जातीची वाटते. हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर मुळात एका कंपनीचं. कंपनी बुडाली, तेव्हा २००२ साली वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले आणि ते कायमचं मोकळं करून घेतलं. २०२५ साली ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट त्यावर झाला आहे.

मग आपण वाटा का उचलत नाही? इथे एक गोष्ट बोलायला हवी जी आमच्या धंद्यात कोणी उघड बोलत नाही. क्रॅक. दहा वर्षं मीही क्रॅक कॉपीवर कामं केली आणि त्याची मला लाज आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवूया. क्रॅकने आमचं जे नुकसान केलं ते वेगळंच आहे. कोरल फुकट मिळत असताना लिनक्सचं फुकट असणं कोणाला मोहात पाडणार? आणि ज्याच्या नावावर पावतीच नाही तो कंपनीला काय सुनावणार? छापखान्यांत रोज शेकडो तास जे सॉफ्टवेअर चालतं त्याच्या हिशोबाच्या वहीत आपण नाहीच. आपण ग्राहक म्हणून अस्तित्वातच नाही, आणि तरी निवेदनावर ग्राहक म्हणून सही करतो. स्वस्त, एकदाच पैसे भरून घ्यायचं साधन म्हणून ॲफिनिटीकडे पुष्कळांचे डोळे लागले होते. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली, २०२५ च्या ऑक्टोबरात ॲफिनिटी सगळ्यांना मोफत करून टाकलं, आणि आलं ते विंडोज आणि मॅकवरच. ज्या वस्तूचे आपण पैसे देत नाही ती कोणत्या यंत्रावर चालावी हे आपल्याला कोण विचारणार?

आता कोणी म्हणेल, या सगळ्या डोकेफोडीची गरजच उरलेली नाही, सगळं ब्राउझरमध्ये येतंय. फिग्मा हे डिझाइनचं साधन ब्राउझरमध्येच वाढलं, इतकं की ॲडोबीने २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर देऊ केले होते आणि स्पर्धा-नियामकांच्या विरोधामुळे २०२३ च्या डिसेंबरात तो सौदा सोडावा लागला. फोटोशॉपही वेबवर आलं आहे. ज्यांची कामं त्यात भागतात त्यांनी जरूर भागवावीत. पण आषाढात वीज गेली, इंटरनेट गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दहाव्याचं कार्ड द्यायचं आहे, अशा वेळी आपली फाईल दुसऱ्याच्या घरात असून चालत नाही.

तेव्हा करायचं काय, याबद्दल माझ्या मनात मोठी योजना नाही. दोन कामं आहेत. तालुक्या-तालुक्यातल्या मुद्रकांनी आणि डिझायनरांनी आपल्यातले जे खरे परवाने घेतात त्यांची यादी करावी, आणि नूतनीकरणाच्या वेळी एकत्र बोलावं: आम्ही इतके जण, वर्षाला इतके रुपये देतो, लिनक्सची आवृत्ती दिली तर देत राहू, नाहीतर त्यातला ठरावीक भाग इंकस्केप आणि स्क्राइबसच्या विकासाला जाईल. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच गंभीरपणे म्हणायचं. कंपनी आली तर उत्तम. नाही आली तर छपाईच्या रंगांचं जे काम मुक्त साधनांत अपुरं आहे ते पुरं व्हायला तोच पैसा लागेल. पैसा फुकट जाण्याची भीती दोन्हीकडे नाही.

दुसरं काम सरकारचं, म्हणजे पुन्हा आपलंच. केंद्राने २०१५ साली सरकारी कामकाजासाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. पण एका कार्यालयाचं काम मी घेतलं तेव्हा अटींत लिहिलेलं होतं, ‘ओपन फाईल सीडीआरमध्ये देणे’. आमच्या धंद्यात ओपन फाईल म्हणजे जिच्यात बदल करता येतो ती. प्रत्यक्षात ती फाईल उघडायला एकाच कंपनीचा परवाना लागतो, आणि लोकांच्या पैशातून केलेलं लोकांचं काम तिच्यात जाऊन बसतं. पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, छपाईसाठी तिचा खास प्रकार आहे, रेषाचित्रांचं एसव्हीजी २००१ पासून खुलं आहे. निविदेत एवढंच लिहावं: छपाईची पीडीएफ, चित्रं एसव्हीजीत, मजकूर युनिकोडमध्ये. गिऱ्हाइकांतलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सरकार आहे. त्याने सीडीआर मागणं थांबवलं तर दुकानदारावरची सक्ती थांबते. आणि पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकणाऱ्या मुलामुलींना एका कंपनीच्या मेनूऐवजी रंगविभाजन आणि अक्षरजुळणी शिकवली, तर उद्या त्यांच्या हातात कुठलंही साधन दिलं तरी ती अडणार नाहीत.

बुवांना मी सप्ताहाच्या दोन दिवस आधी पुस्तिका नेऊन दिली. मजकूर लिनक्सवर स्क्राइबसमध्ये केला. मुखपृष्ठ मात्र कोरलमध्येच करावं लागलं, परवान्याच्या कोरलमध्ये, विंडोज ११ चालणाऱ्या एकुलत्या एका यंत्रावर. पुस्तिकेबरोबर एक पेनड्राइव्ह दिला. त्यात छपाईची पीडीएफ होती, वापरलेला मुक्त फॉन्ट होता, आणि सगळे अभंग साध्या युनिकोड मजकुरात होते. बुवांनी विचारलं, "हे मी काय करू?" मी म्हटलं, "देवळाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वेळी मी नसलो तरी कोणालाही उघडता येईल." त्यांनी तो रुमालात बांधला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.